तिखट सोसत नाही, म्हणजे नेमके काय?

रत्नागिरीत बदलीच्या नोकऱ्यांमुळे घाटावरची माणसे बरीच येतात. शिक्षक, नर्स, पोलीस, बँकेतले कर्मचारी. काही जण इथलेच होऊन जातात आणि मग सोयरिकीही जुळतात. आंबा घाट उतरून कोल्हापूरची मुलगी रत्नागिरीच्या घरात सून म्हणून आली, की पहिला पेच स्वयंपाकघरात पडतो. सासूबाईंच्या हाताला कुळथाची पिठी, आमसुलाचे सार, ओले खोबरे घातलेली फणसाची भाजी आणि वर साजूक तूप. सुनेच्या डब्यात माहेरचा कांदा-लसूण मसाला. पहिल्याच रस्श्याला सासूबाई म्हणतात, "अगो, केवढं हे तिखट! जीभ भाजली हो माझी." आणि सून म्हणते, "आई, निम्मंच घातलंय की."

दोघीही खरे बोलत असतात. पदार्थ एकच, मिरची तेवढीच, पण एका तोंडात आग लागते आणि दुसऱ्या तोंडाला ते जेमतेम चवदार वाटते. याला 'सवय' म्हणून आपण मोकळे होतो. पण सवय म्हणजे शरीरात नेमके काय घडते, याचे उत्तर शास्त्राला अगदी अलीकडे मिळाले आहे.

मुळात तिखट ही चवच नाही. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जिभेवरच्या रुचिकलिका ओळखतात. तिखटाचे काम वेगळ्या खात्यात चालते. मिरचीतील कॅप्सेसिन हा पदार्थ वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर जाऊन बसतो. १९९७ साली सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने या तंतूंवरचा तो 'दरवाजा' शोधून काढला. त्याला आज टीआरपीव्ही-१ म्हणतात. गंमत अशी, की हाच दरवाजा साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या उष्णतेनेही उघडतो. म्हणजे मिरची खाल्ल्यावर मेंदूला जो निरोप जातो तो 'तोंड भाजते आहे' असाच असतो. 'जीभ भाजली' ही सासूबाईंची तक्रार शास्त्राच्या भाषेत शब्दशः बरोबर आहे, फक्त भाजलेले काहीच नसते. मेंदू मात्र आग विझवायला सगळी यंत्रणा कामाला लावतो. घाम, लाळ, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून मिळाले.

हा दरवाजा पुन्हा पुन्हा उघडला, की तो थकतो. रोज मिरची खाणाऱ्याच्या तोंडातले हे तंतू कॅप्सेसिनला हळूहळू कमी दाद देऊ लागतात. मिरची बंद केली, की काही काळाने ते पुन्हा ताजेतवाने होतात. मुंबई-पुण्याच्या वसतिगृहात वर्षभर मेसचे फिके जेवून आलेल्या मुलाला सुट्टीत घरचाच रस्सा झोंबतो, तो यामुळे. सांधेदुखीवर लावायचे कॅप्सेसिनचे मलम याच तत्त्वावर चालते. आधी झोंबते, मग वेदनेचे तंतू थकून गप्प बसतात.

पण सगळे श्रेय सवयीला देता येत नाही. जुळ्या भावंडांवर फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासात तिखटाच्या आवडीनिवडीत आनुवंशिकतेचाही बऱ्यापैकी वाटा दिसला. तेव्हा एकाच पानावर वाढलेल्या दोन भावांपैकी एक ठेच्याशिवाय जेवत नाही आणि दुसरा मेतकूट-भातावर खूश असतो, यात कोणाचे लाड झाले असे समजायचे कारण नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोत जाऊन पाहिले, तेव्हा लहान मुले जन्मतः मिरचीची शौकीन नसतात, मोठ्यांच्या पंगतीत बसून, कोणी जबरदस्ती न करता, ती हळूहळू तिखटाकडे वळतात असे त्याला आढळले. माणूस वेदना देणाऱ्या गोष्टीचीच मौज घेऊ लागतो, कारण जिवाला धोका नाही हे त्याला आतून ठाऊक असते. आकाशपाळण्यात बसून किंचाळण्यातली जी मजा, तीच ही. पक्ष्यांच्या तंतूंवरचा हाच दरवाजा कॅप्सेसिनला दाद देत नाही. त्यामुळे पोपट लवंगी मिरची खुशाल फोडून खातो आणि मिरचीचे बी दूरवर पोचते. झाडाच्या दृष्टीने तिखटपणा हा खाणारा निवडण्याचा मार्ग आहे. माणूस त्या हिशेबात कुठे बसतो, हे मिरचीच्या झाडालाच विचारायला हवे!

मिरची आपल्याकडची नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी कोकणातल्या जेवणाला झणका यायचा तो मिरी, आले, पिंपळी आणि तिरफळ यांनी. मिरीवरूनच नव्या पाहुणीचे नाव 'मिरची' पडले. तिरफळ आजही बांगड्याच्या कालवणात असतेच. ते चीनमधल्या सिच्वान मिरीच्या कुळातले. त्याचे काम मिरचीपेक्षा वेगळे: जीभ जळत नाही, तिला मुंग्या येतात. त्यातील द्रव्य स्पर्श ओळखणाऱ्या तंतूंना छेडते, म्हणून ओठ थरथरल्याचा भास होतो.

'उष्ण प्रदेशात लोक तिखट खातात' असे एक ठोकळ विधान नेहमी ऐकू येते. मसाल्यांनी जंतू मरतात म्हणून गरम हवेत मसाले वाढले, असा सिद्धान्त १९९८ मध्ये अमेरिकेत मांडला गेला आणि बराच गाजला. पुढे २०२१ मध्ये जगभरच्या ७० पाकपरंपरांतील ३३ हजारांहून अधिक पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा तो हिशेब नीट जुळेना. त्यासाठी खरे तर रत्नागिरीच्या बाहेर जायची गरज नव्हती. घामाने अंग चिकट करणाऱ्या या हवेत एका घरात खोबऱ्या-गुळाची आमटी शिजते, शेजारच्या घरात लालभडक माशाचे कालवण, आणि घाट चढून कोरड्या, तुलनेने थंड मुलखात गेले की तांबडा रस्सा. कोणाच्या ताटात काय आले हे हवेपेक्षा जात, धंदा, ऐपत आणि बाजार यांनी ठरवले. तिखट खाल्ले की घाम येऊन अंग गार होते, हे म्हणणेही सोलापूरच्या कोरड्या उन्हात पटेल. रत्नागिरीच्या दमट दुपारी घाम वाळतच नाही, तर गारवा कुठला!

रंगावरून तिखटपणा ठरवणे हीही एक फसगत. एप्रिल-मे महिन्यांत पावसाची बेगमी म्हणून मसाला दळून आणण्याची धांदल असते. त्यात बेडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी, हे गिरणीवर रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला माहीत असते. लाल रंग देणारी द्रव्ये वेगळी, कॅप्सेसिन वेगळे. बियांत तिखट असते हा समजही अर्धाच खरा. कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात. बियांना ते तिथून लागते. सासूबाईंना सोसवेल असा रस्सा करायचा तर बेडगी वाढवावी आणि मिरचीचा गाभा खरवडून टाकावा. रंग तोच राहतो, भांडण कमी होते.

आणि तोंड पोळलेच तर पाणी पिऊ नये. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरते. ते विरघळते स्निग्ध पदार्थात. दूध उत्तम, कारण त्यातली प्रथिनेही मदत करतात. साय काढलेले दूधसुद्धा चालते. थोडी साखर किंवा गुळाचा खडाही उपयोगी पडतो. जेवणाच्या शेवटी सोलकढी, भातावर तुपाची धार, आमटीत गूळ, या गोष्टी आजीने कॅप्सेसिनचे नावही न ऐकता बरोबर बसवल्या होत्या. मिरची चिरलेल्या हातांना नुसते पाणी लावण्याऐवजी आधी खोबरेल चोळून मग साबणाने धुवावे, तेही याच कारणाने.

आता पोटाकडे येऊ. कारण घराघरात तिखटावर जो खटला चालतो, त्यात मुख्य आरोप पोटाबद्दलचा असतो: तिखटाने अल्सर होतो. हा आरोप टिकलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले, की जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील बहुतेक व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. १९८८ साली अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांच्या जठरात वाटलेली हॅलपेनो मिरची थेट सोडून दुर्बिणीने पाहण्यात आले. जठराच्या अस्तराला इजा दिसली नाही. ॲस्पिरिनने मात्र दिसली. आपल्याकडे दिल्लीच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. लहान आतड्याच्या व्रणाच्या निम्म्या रुग्णांना औषधाबरोबर रोज ३ ग्रॅम लाल तिखट दिले, निम्म्यांना दिले नाही. दोन्ही गटांत व्रण बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले.

खरा गुन्हेगार बहुधा औषधाच्या डब्यात असतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, भातलावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून उपाशीपोटी घेतलेली गोळी. अशा माणसाला रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचाला होते आणि घरचे सांगतात, "परवा मटण जरा तिखट झालं होतं." गोळ्यांचे विचारल्याशिवाय कळत नाही.

याचा अर्थ तिखट सर्वांना निर्दोष आहे असा नव्हे. ज्यांच्या अन्ननलिकेत आम्ल उलटे येते, त्यांतल्या अनेकांची जळजळ मिरचीने वाढते. आतडे हळवे असलेल्यांना (आयबीएस) पोटात कळा येतात, कारण टीआरपीव्ही-१ चे दरवाजे आतड्यातही असतात. आणि ते मार्गाच्या अगदी शेवटापर्यंत असतात. गुदद्वाराला चीर पडलेल्या रुग्णाला काल रात्रीच्या ठेच्याची आठवण आज सकाळी होते. यांनी तिखट कमी करावे. बाकीच्यांनी आपल्या पोटाचे ऐकावे, शेजाऱ्याच्या पोटाचे नव्हे.

छातीतल्या जळजळीबद्दल मात्र एक गोष्ट थांबून सांगायला हवी. तिखट जेवणानंतर छातीत जळजळ झाली की 'पित्त झाले' म्हणून सोडा, थंड दूध किंवा आम्लनाशक घेऊन रात्र काढली जाते. हृदयविकाराचा झटकाही अनेकदा असाच येतो. विशेषतः मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांना छातीत कळ येण्याऐवजी नुसती जळजळ, मळमळ, दरदरून घाम आणि थकवा जाणवतो. जळजळीबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा हातात दुखणे, किंवा चालल्यावर वाढणारा त्रास असेल, तर रस्श्याला दोष देत बसू नये. १०८ ला फोन करून ईसीजी निघेल अशा ठिकाणी पोचावे. खेड्यातून शहर गाठायला लागणारा वेळ आधीच जास्त असतो. त्यात 'सकाळपर्यंत बघू' याची भर परवडत नाही.

तिखट खाणारे जास्त जगतात, अशा बातम्याही अधूनमधून येतात. चीनमध्ये सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांच्या पाहणीत (२०१५) आठवड्यातून सहा-सात दिवस मसालेदार खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी दिसले. इटलीतही २०१९ मध्ये तसेच काहीसे आढळले. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तिखट खाणारे आणखी काय खातात, किती श्रम करतात, किंवा आजारी माणसे आधीच तिखट सोडून बसलेली असतात का, हे यातून पूर्ण सुटे करता येत नाही. या भरवशावर कोणी मिरच्या वाढवू नयेत.

उलट साधे, फिके जेवण म्हणजे आपोआप सात्त्विक आणि हितकर, हाही भ्रम सोडावा. मऊ भात, मेतकूट, तूप, एवढ्यावर जीभ रमत नाही म्हणून बाजूला येतात पापड, लोणचे, तळलेली सांडगी मिरची. मासे खाणाऱ्या घरात सुकट आणि सुका बांगडा. तिखट कमी असेल, पण मीठ? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरे असे सांगते. त्यात भाजी-आमटीतले मीठही आले. रक्तदाबाच्या रुग्णाला 'मी तिखट अगदी सोडलंय हो' असे म्हणताना मोठे समाधान असते. त्याच्या रक्तदाबाला त्याने तिखट सोडल्याचे काही नसते, त्याला लोणच्याची फोड मोजायची असते. उतारवयात वास आणि चव मंदावतात, काही औषधांनीही चव बिघडते. मग ज्येष्ठांना सगळेच अळणी लागते आणि हात मिठाकडे जातो. अशा वेळी आले, मिरी, तिरफळ, कोकम, लिंबू, बेताची मिरची यांनी झणका आणला तर मीठ कमी ठेवूनही घास उतरतो.

आजारपणातल्या पथ्याचेही तेच. 'तिखट, तेलकट, आंबट बंद' हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडीही इतके बसले आहे, की ते कोणत्या आजारासाठी हे विचारायचे राहून जाते. काविळीत हळदसुद्धा वर्ज्य करून रुग्णाला नुसती पेज आणि ऊस यांवर ठेवतात. क्षयाच्या रुग्णाला दोन घास जास्त जायला हवे असतात, तेव्हा त्याच्यासमोर बेचव वरण-भात येतो आणि तो ताट सरकवतो. चवीसाठी थोडी मिरची, लसणीची चटणी दिल्याने क्षय वाढत नाही. न जेवल्याने माणूस खंगतो.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जन्मभर फिके खाणाऱ्याला तिखट न सोसणे ही आवड झाली. पण काल-परवापर्यंत झणझणीत खाणाऱ्याला अचानक तिखट सोसेनासे झाले, तर ते लक्षण आहे. जीभ लालबुंद, गुळगुळीत होऊन झोंबत असेल तर लोह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मधुमेह हाताबाहेर गेला असेल तर तोंडात पांढरी बुरशी धरते. ही कारणे रक्ताच्या तपासणीत आणि तोंड उघडून बघण्यात सापडतात आणि बरीही होतात.

तिसरे कारण तितके सोपे नाही. पंचविशीचा एखादा मुलगा, बंदरावर किंवा रिक्षावर काम करणारा, सांगतो की हल्ली जेवताना तोंडाची आग होते, म्हणून तो आमटीत पाणी घालून खातो. घरच्यांना वाटते, पोटात उष्णता झाली. त्याच्या खिशात गुटख्याची नाहीतर सुगंधी सुपारीची पुडी असते. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात, अस्तर पांढुरके आणि ताठ होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. या विकाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये तो प्रथम नोंदवला गेला. त्या काळी संशय मिरचीवरच घेतला गेला, कारण प्रत्येक रुग्ण तक्रार मिरचीचीच करायचा! मिरची निर्दोष होती. ती फक्त जखमी अस्तराची बातमी देत होती. मुख्य कारण सुपारी निघाले. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. या विकाराच्या काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे त्या मुलाला विचारावे लागत नाही. आणि साध्या सुपारीला तर बंदीही नाही. कोकणात ती परसात पिकते, पाहुण्याला तबकातून मानाने दिली जाते. त्यामुळे 'मी गुटखा नाही, नुसती सुपारी खातो' हे सांगताना कोणालाच काही वावगे वाटत नाही.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तिन्ही सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील, गालाच्या आत बोट फिरवताना दोऱ्यासारखा ताठ पट्टा लागत असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर सरकारी रुग्णालयातील दंतविभाग किंवा कान-नाक-घसा विभाग गाठावा. सुपारी त्याच दिवशी सोडली तर विकार बहुधा तिथेच थांबवता येतो. जे तंतू साचले ते पूर्णपणे विरत नाहीत. इंजेक्शने आणि तोंड उघडण्याचे व्यायाम यांनी थोडे मोकळे होते, जास्त झाले असेल तर शस्त्रक्रिया लागते. आणि वर्षानुवर्षे तपासणीला येत राहावे लागते, कारण कर्करोगाचा धोका सुपारी सोडल्यावरही लगेच शून्य होत नाही. तोवर त्या मुलाच्या ताटात आईला मिरची घालता येत नाही. सुक्या बांगड्यावर ताव मारणारा तो पोरगा दोन बोटांच्या फटीतून गुरगुट्या भात आणि तूप खात असतो.